बाईची भूक कुठे जाते?



आरोग्याचा विषय निघाला की आपल्या गटांमध्ये बाळंतपण, पाळी, अंगावरून जाणं, गर्भनिरोधकं यांवर आता बऱ्यापैकी मोकळेपणाने बोललं जातं. आपल्या आधीच्या पिढीतल्या कार्यकर्त्यांची ती कमाई आहे. जेवणावर मात्र आपण बोलत नाही. बोललोच तर ‘पौष्टिक आहारा’वर बोलतो : नाचणी, गूळ-शेंगदाणे, पालेभाज्या, लोखंडी कढई. बाई किती वाजता जेवते, कोणाच्या नंतर जेवते आणि मुळात तिला भूक लागते का, हे त्या तक्त्यात नसतं. या वेळचं संपादकीय त्याच प्रश्नावर आहे. त्यासाठी थोडं शरीरशास्त्र समजून घ्यावं लागेल. कंटाळू नका, ते आपल्याच पोटाचं आहे.

सोनगीर हे धुळे तालुक्यातलं मुंबई-आग्रा रस्त्यावरचं गाव, तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जाणारं. इथे आणि आजूबाजूच्या खेड्यांत गटांचं काम करताना एक वाक्य मी फार वेळा ऐकते : ‘माले भूकच लागत नही, ताई.’ हे तिशीतली वेचणीला जाणारी बाई म्हणते, तिची सासू म्हणते आणि सहा महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली मुलगीही म्हणते. बऱ्याच जणी हे तक्रार म्हणून सांगत नाहीत. कोणी सहज सांगते, कोणाच्या आवाजात थोडा अभिमानही असतो. घरातली माणसं तर कौतुकाने सांगतात, ‘तिचं काही नसतं, चहावर दिवस काढते.’

कापूस वेचणीच्या हंगामातला बाईचा दिवस आम्ही एका बैठकीत फळ्यावर लिहून काढला. पहाटे पाचला उठायचं. पाणी, झाडलोट, अर्धा कप भरपूर साखरेचा चहा. मग भाकऱ्या, भाजी, मुलांचे डबे, म्हाताऱ्यांसाठी पाणी तापवणं. साडेसातला शेतात. वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळे जेवायला जास्त वेळ बसलं की तेवढा कापूस कमी भरतो. डबा एक-दीडला सुटतो आणि दहा मिनिटांत संपतो. संध्याकाळी पुन्हा चहा, पुन्हा स्वयंपाक, सगळ्यांची जेवणं, आणि साडेनऊ-दहाला जे उरलं असेल ते. म्हणजे दिवसातले पहिले आठ तास, सगळे अंगमेहनतीचे, जवळजवळ चहावर. फळ्याकडे बघत एक म्हातारी बाई म्हणाली, बैलालासुद्धा आधी चारा टाकतात आणि मग औताला जुंपतात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये ठरवून दिलेल्या प्रमाणानुसार ५५ किलो वजनाच्या, मध्यम कष्टाचं काम करणाऱ्या बाईला रोज सुमारे २,१३० कॅलरी लागतात. काम जड असेल तर २,७२०. आता एक खरीखुरी नोंद बघा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. त्या बायकांचं गरोदरपणाआधीचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होतं. गरोदरपणात त्या रोज साधारण १,७५० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिनं खात होत्या, आणि शेतातलं व घरातलं काम चालूच होतं. हा अभ्यास आपल्याला पुढेही लागणार आहे.

समाजकार्याच्या अभ्यासक्रमात या सगळ्याला एक नाव मिळतं : कुटुंबातलं स्त्रीचं दुय्यम स्थान. नाव बरोबरच आहे. पण हे दुय्यम स्थान ताटातून पोटात आणि पोटातून मेंदूत कसं उतरतं, भूक लागण्याच्या जाणिवेपर्यंत कसं पोचतं, ते या नावाने कळत नाही. आणि ते कळलं नाही तर ‘तिला भूकच लागत नाही’ या वाक्यापुढे आपण गप्प बसतो. तिलाच नको असेल तर आपण काय करणार?

डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग आहे, हायपोथॅलॅमस. भूक, तहान, अंगाची ऊब, झोप, पाळी या सगळ्यांचा कारभार तिथून चालतो. १९५१ मध्ये डॉ. बी. के. आनंद आणि अमेरिकेतले जॉन ब्रोबेक यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की हायपोथॅलॅमसच्या दोन्ही बाजूंचा एक बारीकसा भाग निकामी केला तर उंदीर खाणंच सोडतो. समोर अन्न असूनही तो उपाशी मरतो. (आनंद म्हणजे पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाशास्त्राचा विभाग उभा करणारे शास्त्रज्ञ.) पोट रिकामं असणं आणि भूक लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हापासून पक्कं झालं. पोट रिकामं आहे हे मेंदूला कळावं लागतं, आणि मेंदूने त्याची दखल घ्यावी लागते.

कळवण्याचं काम संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, आणि मज्जातंतू करतात. जठर रिकामं झालं की त्याच्या अस्तरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं. १९९९ मध्ये जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांच्या गटाने ते शोधलं. ते मेंदूला सांगतं, खायला हवं. जेवण आतड्यात पोचलं की आतड्याच्या पेशी उलटा निरोप धाडतात, पुरे आता. तिसरा निरोप अंगावरच्या चरबीकडून येतो, त्याचं नाव लेप्टिन. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत ते सापडलं. साठ्यात किती शिल्लक आहे, याचा तो हिशेब असतो. हायपोथॅलॅमसमध्ये दोन प्रकारच्या पेशी शेजारी शेजारी आहेत, एक खायला लावणाऱ्या आणि दुसऱ्या थांबवणाऱ्या. हे सगळे निरोप त्यांच्यापाशी येतात आणि त्यावरून ठरतं : भूक, तृप्ती, शिवाय शक्ती किती खर्च करायची आणि किती राखायची.

आता घ्रेलिनची एक गंमत बघा. ते घड्याळ शिकतं. रोज ज्या वेळेला आपण जेवतो त्या वेळेच्या थोडं आधी ते वाढतं. आणि त्या वेळी जेवलो नाही तर वाढतच राहतं का? नाही. ते तास-दोन तासांत आपोआप उतरतं. ‘भूक मरून गेली’ असं आपण म्हणतो, ते शब्दशः खरं आहे. पोटात काही गेलेलं नसतं, गरज तेवढीच असते, फक्त निरोप थांबलेला असतो. ज्या बाईने वर्षानुवर्षं सकाळची भूक अशी जाऊ दिली, तिच्या शरीरात सकाळचा निरोप येणंच क्षीण होत जातं. ती खोटं बोलत नाही. तिला खरंच भूक लागत नाही. पण हा तिचा स्वभाव नव्हे. हे तिच्या घरातल्या जेवणाच्या वेळांचं शरीरात उमटलेलं वळण आहे.

याचा पुरावा आपल्याच खानदेशात दरवर्षी मिळतो. आखाजीला लेकी माहेरी येतात. गटातल्या बायकांना विचारा, माहेरी भूक लागते का? आमच्याकडे हा प्रश्न विचारल्यावर बायका हसायलाच लागल्या. ‘तिथे तर उठल्या उठल्या लागते!’ झोके, गाणी, उशिरापर्यंत झोप, आई समोर ताट ठेवते. शरीर तेच, वय तेच, आठवड्याभरापूर्वी सासरी ‘चहावर दिवस काढणारी’ तीच बाई. वेळेवर ताट मिळालं, झोप झाली, कुणाची भीती नसली की मेंदू चार-आठ दिवसांत निरोप ऐकायला लागतो. मग ती सासरी परत जाते आणि पंधरा दिवसांत पुन्हा ‘भूकच लागत नही’.

भूक मारायचं आणखी एक साधन घराघरात आहे, मिश्री. सकाळी दात घासायच्या निमित्ताने आणि मग दिवसातून तीन-चार वेळा. मिश्री लावली की भुकेची आठवण राहत नाही, असं बायका स्वतःच सांगतात. २०११ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी यामागचं कारण दाखवून दिलं. तंबाखूतलं निकोटिन हायपोथॅलॅमसमधल्या त्या ‘थांबवणाऱ्या’ पेशींनाच जागं करतं. म्हणजे पोट भरल्याचा खोटा निरोप. व्यसनमुक्तीच्या भाषणांत आपण कॅन्सरचे फोटो दाखवतो. पण ज्या बाईला दुपारपर्यंत जेवायला मिळणार नाही, तिच्यासाठी मिश्री काय काम करते, हे कुणी विचारत नाही. तिची न्याहारी सुटलेलीच राहिली तर मिश्री सुटणंही अवघड आहे. आणि नुकसान तर होतंच. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा जो अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला त्यात तंबाखू, विशेषतः मिश्री, वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली.

लेप्टिनकडे वळू. चरबीचा साठा आणि रोजचं खाणं दोन्ही घटलं की लेप्टिन घटतं, आणि मेंदू काटकसरीला लागतो. थायरॉइडचं काम मंदावतो, अंगाची ऊब कमी करतो, हालचाल कमी करायला लावतो, आणि सगळ्यात आधी जे टाळता येण्याजोगं ते टाळतो, म्हणजे पाळी आणि गर्भधारणा. कमी वजनामुळे किंवा अतिव्यायामामुळे पाळी थांबलेल्या काही स्त्रियांना लेप्टिन टोचल्यावर त्यांची संप्रेरकं पुन्हा मार्गाला लागली, असा प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याकडे पाळी चुकणाऱ्या, मूल न होणाऱ्या सुनेला काय काय ऐकून घ्यावं लागतं ते सांगायला नको. बुवा, अंगारे, गर्भाशयाच्या तपासण्या सगळं होतं. ती दिवसाला किती खाते आणि किती राबते हे विचारणारी माणसं मला क्वचितच भेटली.

शरीर काटकसर करतं तेव्हा माणूस कसा दिसतो? दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, रोज साधारण १,६०० कॅलरींवर. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्श्याने घटलं. शरीराचा विश्रांतीतला खर्च जवळपास ४० टक्क्यांनी उतरला. ते सारखे थंडीने कुडकुडत, चिडत, एकलकोंडे झाले, कशात रस राहिला नाही. काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. प्रयोगातले सगळे पुरुष होते, स्वेच्छेने आले होते, आणि प्रयोग संपल्यावर त्यांना पोटभर जेवण मिळालं. त्यांना कोणी आळशी म्हटलं नाही, त्यांच्या सुस्तीची शास्त्रीय नोंद झाली. आपल्या गावात चाळीस किलोची बाई दुपारी ओसरीवर आडवी झाली की ‘अंगात आळस भरलाय’.

झोपेचंही तसंच. शिकागोमध्ये २००४ साली १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर त्यांचं लेप्टिन उतरलं आणि घ्रेलिन वाढलं. पुन्हा सगळे पुरुष! पहाटे पाच ते रात्री अकरा हा दिवस वर्षानुवर्षं काढणाऱ्या बायकांवर असा प्रयोग करायला प्रयोगशाळा लागणार नाही, तो चालूच आहे. फक्त मोजणारं कुणी नाही.

पचनाबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण भुकेपेक्षा पोटाच्या तक्रारी घेऊन बायका जास्त येतात : पित्त, गॅस, पोटात गोळा, जेवण वर येणं. अन्न तोंडात जाण्याच्या आधीच पचन सुरू होतं. भाकरीचा वास आला, ताट दिसलं की मेंदू व्हेगस नावाच्या लांब मज्जातंतूतून जठराला तयार राहायला सांगतो. लाळ सुटते, पाचकरस सुटतात. पण भीती वाटली, भांडण झालं, अंगावर कुणी धावून आलं की हायपोथॅलॅमसमधून दुसरंच संप्रेरक सुटतं. ते जठराची हालचाल मंदावतं आणि मोठ्या आतड्याची वाढवतं. म्हणून घास घशाखाली उतरत नाही, खाल्लेलं दगडासारखं बसतं, आणि दुसरीकडे संडासला पळावं लागतं. एखाद्या दिवशी असं होणं वेगळं. ज्या घरात रोज ताटावर बसल्यावरच नवरा शिव्या द्यायला सुरुवात करतो, मीठ कमी पडलं म्हणून ताट भिरकावतो, त्या घरातल्या बाईच्या पोटाचं काय होत असेल?

आमच्याकडे आलेल्या एका बाईची फाइल जाड होती. चार वर्षं पित्ताच्या गोळ्या, दोनदा सोनोग्राफी, शेवटी एका डॉक्टरांनी ‘मानसिक आहे’ असं सांगून परत पाठवलं. घरी त्याचा अर्थ ‘नाटकं करते’ असा झाला. मारहाणीबद्दल चार वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा ‘मानसिक’ या शब्दाशी आपलं भांडण हवं. मेंदूपासून आतड्यापर्यंतचा रस्ता खरा आहे, त्यावरून जाणारी संप्रेरकं मोजता येतात, दुखणंही खरं आहे. त्याचं कारण जर घरात असेल तर ते पोटाच्या सोनोग्राफीत दिसत नाही, एवढंच.

एक सावधगिरी मात्र पाळू. भूक न लागण्यामागे क्षय, कावीळ, रक्तक्षय, थायरॉइड, नैराश्य, सुरुवातीचं गरोदरपण अशीही कारणं असतात. वजन घटत असेल, संध्याकाळी ताप येत असेल, खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल, संडास काळी होत असेल, तर बैठकीत चर्चा करत बसू नका, आधी सरकारी दवाखान्यात घेऊन जा. हिमोग्लोबिन तर प्रत्येकीचं तपासून घ्याच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. आणि रक्तक्षयानेही भूक मंदावते, म्हणजे चक्र पूर्ण.

त्याच पाहणीत आणखी दोन आकडे शेजारी शेजारी आहेत. महाराष्ट्रातल्या सुमारे २१ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा बारीक, आणि २३ टक्के प्रमाणापेक्षा जाड. काही जणी म्हणतील, जाड बायकांचा इथे काय संबंध? आहे. पुण्याच्या त्या सहा खेड्यांत जन्मलेल्या पूर्ण दिवसांच्या बाळांचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास भरलं. इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना केली तेव्हा आपली बाळं स्नायूंनी, पोटातल्या अवयवांनी बरीच लहान होती, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. डॉ. याज्ञिकांनी त्यांना ‘बारीक पण चरबीदार’ बाळं म्हटलं. पुढे पुण्यातल्या शहरी बाळांच्या नाळेच्या रक्तातही इन्सुलिन जास्त सापडलं. आईच्या पोटात टंचाई असताना बाळाचं शरीर साठवण्याचा धडा घेऊन येतं आणि पुढे मधुमेहाची शक्यता वाढते, असा त्याचा अर्थ लावला जातो. ज्या आया गरोदरपणात जास्त जड कामं करत होत्या त्यांची बाळं लहान होती. ज्यांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा येत होतं त्यांची बाळं मोठी होती. म्हणजे सासूच्या ताटातली टंचाई नातवाच्या साखरेपर्यंत पोचू शकते. मूल वाढवण्याचा सगळा दोष आईवर टाकणाऱ्यांनी हे ‘आईने नीट खाल्लं नाही’ असं वाचू नये. तिला खाऊ दिलं गेलं नाही आणि कामातून सोडलं गेलं नाही, असं वाचावं.

जाडीबद्दल आणखी एक. गर्भनिरोधक इंजेक्शन घेतल्यावर वजन वाढलं असं बायका सांगतात तेव्हा ‘जास्त खात असशील’ असं उत्तर मिळतं. नेट-एन इंजेक्शनविरुद्ध स्त्री संघटना १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या, हे जुन्या मैत्रिणींना आठवत असेल. त्याच जातकुळीतलं डेपो-प्रोव्हेरा २०१७ पासून ‘अंतरा’ या नावाने सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतं. वजन वाढणं हा त्याचा माहीत असलेला, नोंदलेला परिणाम आहे. इंजेक्शन घ्यावं की नाही हे प्रत्येकीने ठरवावं, पण ही माहिती टोचण्याआधी मिळायला हवी, नंतर टोमण्याच्या रूपात नको.

आता शहरात उलटी गंगा वाहते आहे. जेवणानंतर आतड्यातून सुटणाऱ्या ‘पुरे आता’ निरोपांपैकी जीएलपी-१ नावाच्या संप्रेरकाची नक्कल करणारी सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइड ही इंजेक्शनं २०२५ मध्ये वजन कमी करण्यासाठी भारताच्या बाजारात आली. भूक मंदावते, जठर सावकाश रिकामं होतं. मधुमेह आणि खऱ्या स्थूलतेच्या रुग्णांना त्यांचा उपयोग आहे, त्यावर टीका नाही. पण लग्नाआधी मुलीचं वजन उतरवण्यासाठी हीच इंजेक्शनं मागितली जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. जाता जाता हेही सांगायला हवं की या संप्रेरकाच्या शोधात स्वेतलाना मोयसोव या रसायनशास्त्रज्ञ बाईंचा मोठा वाटा आहे. १९८० च्या दशकात त्यांनी अमेरिकेत बोस्टनमध्ये हे काम केलं. पेटंटमध्ये आपलं नाव यावं म्हणून त्यांना भांडावं लागलं, पुरस्कार आधी इतरांना मिळाले, आणि २०२४ मध्ये लास्कर पुरस्कारात त्यांचं नाव आलं. प्रयोगशाळेतही पंगत शेवटचीच.

मग गटांनी काय करायचं? ‘वेळेवर जेवत जा’ हा उपदेश करायला आपण गेलो तर बाई मान डोलावेल आणि घरी जाऊन सगळ्यांना वाढेल. एक सून मला म्हणाली, ‘ताई, पहिली भाकरी मी खाल्ली तर घरात महिनाभर तोच विषय चालेल.’ तिचं म्हणणं खरं आहे. एकटीने हे होणार नाही, म्हणून हा गटाचा विषय. सोनगीर भागातल्या आमच्या काही गटांनी सुरुवात लहान केली आहे. पहाटेचा चहा कोरडा प्यायचा नाही, सोबत कालची भाकरी किंवा मूठभर शेंगदाणे-गूळ. वेचणीला जाणाऱ्या टोळीने दहाच्या सुमारास एकदम थांबायचं. सगळ्याच थांबल्या की एकीचाच कापूस कमी भरत नाही. शेतमालकाशी हे आधी बोलून घ्यायचं, बाया आणणाऱ्या मुकादमाशीही. दोन ठिकाणी मालकांनी कुरकुर केली, मग ऐकलं. घरात सगळ्यांनी एकत्र जेवायला बसण्याचा प्रयत्न मात्र अजून दोन-तीन घरांतच जमला आहे, तोही सासू गटात आहे म्हणून.

सरकारकडे मागायचं तेही आहे. आदिवासी भागात २०१५ पासून अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत शिजवलेलं एक वेळचं जेवण देण्याची सोय झाली. कोरडा शिधा घरी दिला की तो घरभर वाटला जातो. अंगणवाडीत बसून खाल्लेलं तिच्याच पोटात जातं. अशी सोय बिगर-आदिवासी गावांतल्या मजूर बायकांनाही का नको? अन्न सुरक्षा कायद्याने २०१३ मध्ये रेशनकार्डावर घरातल्या ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख केलं. कार्डावर पहिलं नाव तिचं, पंगतीत शेवटचं. या विसंगतीवर ग्रामसभेत बोलायला हरकत नाही.

आणि कायदेशीर मदत करणाऱ्या मैत्रिणींसाठी : कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा, त्याखालचे नियम २००६ चे. त्या नियमांतला नमुना क्रमांक १, म्हणजे कौटुंबिक घटना अहवाल, पुन्हा काढून बघा. आर्थिक हिंसेच्या रकान्यात अन्न, कपडे, औषधं न देणं हे स्वच्छ लिहिलेलं आहे. अहवाल भरताना आपण मार, हुंडा, घराबाहेर काढणं यांवर खूण करतो आणि हा रकाना बरेचदा मोकळा सोडतो, कारण बाई स्वतः सांगते, ‘जेवायचं काही नाही, मला भूकच लागत नाही.’ तिथे न थांबता पुढचे प्रश्न विचारा. घरात कुलूप कशाला असतं? दूध कोणाला मिळतं? काल शेवटचं कधी जेवलीस? माहेरी भूक लागते का?

पुढच्या अंकात याच विषयावर तुमच्या गटांच्या नोंदी छापायच्या आहेत. आठ दिवस, दहा बायका : उठल्याची वेळ, पहिला घास किती वाजता, शेवटचा किती वाजता, आधी कोण जेवलं, मिश्री किती वेळा, झोप किती तास. नावं नकोत, गाव आणि हंगामाचं काम लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी शाळेत जाणाऱ्या मुलीला वही धरायला सांगा, तिच्याही जेवणाची नोंद त्यातच घ्या. वह्या पोळ्याच्या आत आमच्याकडे पोचल्या पाहिजेत.